लिंकला पण दाखल नंबर द्या

मे महिन्यात परीक्षा संपल्या, पोरं गावाला गेली की आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत स्टॉक टेकिंग सुरू होतं. आमच्या लायब्ररीतले मामा स्टुलावर चढून कपाटातलं एकेक पुस्तक काढतात, शीर्षकपानामागचा दाखल नंबर, म्हणजे पुस्तक लायब्ररीत आलं तेव्हा त्याला दिलेला क्रमांक, मोठ्यानं वाचतात, आणि मी खाली टेबलावर रजिस्टरात त्या नंबरपुढे टिक करते, पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून एक हात रजिस्टरवर दाबून धरलेला. दोन-अडीच आठवडे हेच चालतं. शेवटी ज्या नंबरांपुढे टिक नाही त्यांची यादी निघते आणि मग शोधाशोध, इश्यू रजिस्टर बघा, बाइंडिंगचा गठ्ठा सोडून बघा, स्टाफरूममधल्या कपाटात बघा. एका वर्षी ऐंशी रुपये किमतीच्या व्याकरणाच्या पुस्तकासाठी आम्ही चार दिवस घालवले आणि ते भूगोलाच्या रॅकमागे नकाशांच्या गुंडाळ्यांत सापडलं. मला या कामाचा कधीच कंटाळा आला नाही. ती पुस्तकं लोकांच्या पैशांतून आलेली आहेत, ती जागेवर आहेत की नाही हे वर्षातून एकदा तरी बघायलाच पाहिजे.

पण त्याच लायब्ररीच्या वेबपेजवर 'उपयुक्त ई-रिसोर्सेस' म्हणून एक यादी आहे, विषयवार केलेली, इतिहास, मराठी, अर्थशास्त्र, पर्यावरण, स्पर्धा परीक्षा, असं सगळं, आणि त्या यादीतली एकही लिंक कित्येक वर्षांत कोणी तपासली नव्हती. मी सुद्धा नाही. यादी केली तेव्हा सगळ्या लिंक्स उघडत होत्या, म्हणजे काम झालं, असंच मी धरून चालले होते.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये एमए इतिहासाची एक मुलगी मोबाईल घेऊन काउंटरला आली. म्हणाली, "मॅडम, तुमच्या यादीतलं हे वीरगळांचं पान उघडलं तर हे येतंय." वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, पण बघते तर रमीची जाहिरात, पत्ते उडतायत आणि बोनस घ्या म्हणून बटण. आमच्या कॉलेजचं नाव वर असलेल्या यादीतून, लायब्ररीनं सुचवलेली लिंक म्हणून, ती मुलगी एका जुगाराच्या साईटवर पोचली होती. मला त्या क्षणी जी शरम वाटली ती अजून आठवते.

ती मूळ साईट एका निवृत्त शिक्षकांची होती. त्यांनी आमच्या तालुक्यातल्या गावोगावचे वीरगळ, सतीशिळा, देवळांच्या पायऱ्यांवरचे शिलालेख यांचे फोटो काढून, प्रत्येकाखाली गाव, जागा, दगडाची उंची, वाचता आलेली अक्षरं असं सगळं लिहून ठेवलं होतं. छापलेलं पुस्तक नाही, कुठल्या विद्यापीठाचा प्रकल्प नाही, स्वतःच्या पेन्शनमधून होस्टिंगचे पैसे भरायचे. ते गेले. घरच्यांना डोमेन, म्हणजे साईटचं नोंदवलेलं नाव, काय असतं, त्याचे दरवर्षी पैसे भरावे लागतात, हे माहीत असायचं काही कारणच नव्हतं. मुदत संपली, नाव मोकळं झालं, आणि जुन्या साईटकडे ज्या लिंक्स येत असतात त्यांचा फायदा उठवायला टपलेल्या कुणीतरी ते विकत घेतलं. हे नेहमी होतं. मोकळी झालेली जुनी डोमेन्स घेऊन त्यावर सट्टा नाहीतर औषधांच्या जाहिराती लावणं हा मोठा धंदा आहे, आणि शाळा-कॉलेजं, लायब्रऱ्या यांच्याकडून येणाऱ्या लिंक्स त्यांना जास्त आवडतात कारण त्यामुळे सर्च इंजिनला साईट भरवशाची वाटते. म्हणजे आमच्या यादीची जी पत होती तीच तिथे वापरली जात होती.

मग आम्ही दोघी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे जुन्या वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या साईटवर, गेलो आणि जुना पत्ता टाकला. मुखपृष्ठ मिळालं. गावांची यादी मिळाली. पण एकेक गाव उघडायला लागलो तर अर्धीअधिक पानं जतनच झालेली नव्हती, आणि जी होती त्यात फोटोच्या जागी रिकामी चौकट. आणि मजकूर? मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरं, अधेमधे चिन्हं, आकडे, सगळी खिचडी. सरांनी ती पानं युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर मराठी सारखीच दिसावी म्हणून ठरलेल्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केली होती, तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसेल तर मराठी दिसतच नाही. त्या काळातलं खूपसं मराठी वेब असंच आहे, वर्तमानपत्रंसुद्धा आपापले फॉन्ट वापरायची, त्यामुळे पान टिकलं तरी भाषा टिकत नाही अशी आपली दुहेरी अडचण आहे आणि ती इंग्रजीवाल्यांना कळणारच नाही. कन्व्हर्टर वापरून आम्ही तीन-चार गावांचा मजकूर सोडवला. "उंची साडेतीन फूट, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, खाली गाईंचा कळप" असं एक वाक्य नीट उमटलं तेव्हा त्या मुलीनं ते मोठ्यानं वाचलं. फोटो मात्र नाहीच मिळाला.

तेव्हापासून मी या विषयावर जमेल तिथे बोलते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की लायब्ररीनं यादीत टाकलेली लिंक हा लायब्ररीचा संग्रह आहे. पुस्तकाची करतो तशी तिची नोंद, तिची मोजणी आणि गरज पडली तर ती रीतसर बाद करणं, हे आपलं काम आहे. ते जमणार नसेल तर यादी टाकू नये.

पुस्तकांच्या बाबतीत आपण किती काटेकोर आहोत बघा. केंद्र सरकारच्या २०१७ च्या जनरल फायनान्शियल रूल्समध्ये लायब्ररीसाठी वेगळा नियम आहे. २०,००० पर्यंत पुस्तकं असतील तर दरवर्षी पूर्ण मोजणी, २०,००० ते ५०,००० असतील तर तीन वर्षांतून एकदा तरी, त्याहून जास्त असतील तर तीन वर्षांच्या आत नमुना मोजणी. आणि नुकसान किती चालतं तेही लिहिलंय, वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर १,००० पुस्तकांमागे ५ गहाळ झाली तर ते वाजवी धरायचं, त्यापुढे चौकशी. हजारात पाच! आता वेबचं बघा. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणजे हजारात तीनशे ऐंशी. दोन्ही मोजमापं एकसारखी नाहीत हे मला कळतं, पण हजारात पाचाहून जास्त गेली तर ज्या लायब्ररीत ग्रंथपालाला खुलासा द्यावा लागतो त्याच लायब्ररीच्या यादीतून दहा वर्षांत एवढं जाऊ शकतं आणि कुणाला साधं पत्र येत नाही, हे बरोबर आहे का?

आणि ही फक्त छोट्या कॉलेजांची गोष्ट नाही. हार्वर्डच्या अभ्यासकांनी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रांत दिलेल्या लिंक्स तपासल्या तर त्यातल्या जवळपास निम्म्या लिंक्सवर मूळ मजकूर राहिलेलाच नव्हता. न्यायाधीशांनी निकालात ज्याचा आधार घेतला तोच जागेवर नाही! त्यातूनच तिथल्या लॉ स्कूलच्या लायब्ररीनं २०१३ मध्ये पर्मा डॉट सीसी ही सेवा काढली, लिंक दिली की त्या पानाची प्रत लायब्ररीत जपून ठेवायची आणि त्या प्रतीचा कायमचा पत्ता द्यायचा. ते काम लायब्ररीनं अंगावर घेतलं, कॉम्प्युटर कंपनीनं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

लिंक्स मरतात कशामुळे हे एकदा नीट समजून घेतलं की लक्षात येतं की यात नशिबाचा भाग कमी आणि निष्काळजीपणा जास्त आहे. साईटचं नवं डिझाइन होतं, जुनी सिस्टीम जाऊन नवी येते, पानांचे पत्ते बदलतात, आणि जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर पाठवायची जी सोय असते, रिडायरेक्ट, ती कोणी लावत नाही कारण कंत्राटात ते लिहिलेलंच नसतं. सरकारी साईट्स एनआयसी डॉट इनवरून जीओव्ही डॉट इनवर गेल्या, सुरक्षेच्या दृष्टीनं चांगलंच झालं, पण जिथे आतली पानं जोडून घेतली नाहीत तिथे जुन्या याद्या एका फटक्यात निकामी. कॉलेजांत तर वेगळीच तऱ्हा, प्राध्यापकांनी नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका गुगल ड्राइव्हवर टाकलेल्या असतात, तेही स्वतःच्या नाहीतर कॉलेजच्या अकाउंटवरून, आणि गुगलनं शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद जागा २०२२ मध्ये बंद करून १०० टीबीची मर्यादा घातल्यावर किती ठिकाणी जुनी अकाउंट्स पुसली गेली असतील याचा विचार करा. सर बदलून जातात, रिटायर होतात, अकाउंट बंद, लिंकवर 'ॲक्सेस मागा' असं येतं आणि ॲक्सेस द्यायला तिकडे कुणी नसतं.

छोट्या लिंक्सचं तर आणखी वाईट. गुगलनंच लिंक छोटी करून द्यायची सेवा काढली होती, लोकांनी त्या हँडआउटवर छापल्या, फ्लेक्सवर छापल्या, आणि २०२४ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की ऑगस्ट २०२५ नंतर त्या चालणार नाहीत. ऐन वेळी निर्णय थोडा बदलला, वापरात असलेल्या लिंक्स ठेवू म्हणाले, पण कागदावर छापलेली लिंक 'वापरात आहे' हे कंपनीला कसं कळणार?

बरेच जण म्हणतात, एवढं कशाला मनावर घेता, गुगल आहे की. नाव टाकलं की नवा पत्ता मिळतो. कधीकधी मिळतो, हे मी नाकारत नाही. पण पान बदललं असेल तर मिळतो, गेलंच असेल तर कुठून मिळणार? पूर्वी गुगलच्या निकालात पानाची साठवलेली प्रत बघायची सोय असायची, तीही २०२४ मध्ये काढली. आणि मुख्य म्हणजे शोधायचं काय हे माहीत असलेल्याला गुगल उपयोगी. एफवायला आलेल्या मुलाला वीरगळ हा शब्दच माहीत नसेल तर तो काय टाइप करणार? लायब्ररीची यादी त्याच्यासाठी असते. कोणीतरी जाणत्या माणसानं वाचून, पारखून, हे बघ असं सांगितलेलं असतं. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन सरांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असा आहे, आम्ही तो बी.लिब.ला पाठ करतो आणि दरवर्षी १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाच्या भाषणांत म्हणतो. पाच लिंक्स दाबल्या आणि पाचही बंद निघाल्या तर त्या मुलाचा वेळ तर गेलाच, पण तो परत यादीकडे फिरकत नाही हे जास्त मोठं नुकसान आहे.

दुसरं म्हणणं असं की यासाठी सॉफ्टवेअर आहे, ते आपोआप तपासतं. आहे, आणि वापरावं, मी पण वापरते. परदेशातल्या बऱ्याच विद्यापीठ लायब्रऱ्या लिबगाइड्स नावाच्या सिस्टीमवर अशा विषयवार याद्या करतात, त्यात लिंक तपासायची सोय आतच असते. पण ते सॉफ्टवेअर बघतं काय, तर समोरून उत्तर ४०४ आलं की २००. ४०४ म्हणजे पान नाही, २०० म्हणजे सगळं ठीक. रमीवाली साईट २०० देते! पान तर व्यवस्थित उघडतं ना, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी ती लिंक निरोगी आहे. कित्येक साईट्स पान नसलं तरी मुखपृष्ठावर आणून सोडतात, तेही २०० मध्येच जातं. म्हणून माणसानं उघडून, डोळ्यानं बघून टिक करण्याला पर्याय नाही.

यावर लगेच प्रश्न येतो की माणूस कुठून आणायचा, आणि तो खरा आहे. कितीतरी कॉलेजांत ग्रंथपालाची जागा वर्षानुवर्षं रिकामी आहे, सार्वजनिक वाचनालयांत एकच माणूस कुलूप उघडण्यापासून वर्गणी गोळा करण्यापर्यंत सगळं करतो. माझं उत्तर असं की यादी लहान करा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची तयारी सुरू झाली की याद्या फुगतात, हे मी जवळून पाहिलंय. स्वयं-अध्ययन अहवालात जागोजागी वेबलिंक द्यायची असते, मग पान भरलेलं दिसावं म्हणून कुठून कुठून लिंक्स उचलून डकवल्या जातात, ज्या खुद्द डकवणाऱ्यानंही उघडून बघितलेल्या नसतात. दोनशे लिंक्सपेक्षा तीस बऱ्या, ज्या मी वाचल्यात, ज्या मला दर सहा महिन्यांनी एका दुपारीत तपासता येतात. आणि माझी विनंती आहे की मूल्यमापन करणाऱ्यांनी, मग ते कॉलेजांचं असो की सार्वजनिक ग्रंथालयांच्या अ-ब-क-ड वर्गांचं, लिंक्स किती हे विचारू नये, शेवटची तपासणी कधी केली, तारीख दाखवा, असं विचारावं. हा एक प्रश्न विचारला गेला तर वर्षभरात फरक दिसेल.

टिकणारी व्यवस्था करता येते याची उदाहरणं आपल्या हाताशी आहेत. शोधगंगा घ्या, विद्यापीठांतल्या पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं काम. तिथल्या प्रत्येक प्रबंधाला १०६०३ नं सुरू होणारा हँडल नंबर असतो, साईट उद्या दुसऱ्या सर्व्हरवर गेली तरी नंबर तोच, मधली नोंद बदलली की झालं. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडचंही तेच, कोडमागे दीक्षा या सरकारी शिक्षण-पोर्टलवरचा छोटा संकेतांक असतो, आतलं व्हिडिओ-पाठाचं पान बदलता येतं, छापलेलं पुस्तक बदलावं लागत नाही. आणि आपल्या शासन निर्णयाच्या खाली काय असतं? हा शासन निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे, असा लांबलचक आकडा, ज्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, तारीख. जीआरची नुसती लिंक चिकटवणाऱ्याची लिंक कधीतरी तुटते, पण ज्यानं तो संकेतांक लिहून ठेवलाय त्याला जीआर शोधायला चावी राहते. म्हणून मी आता सगळ्यांना सांगते की 'येथे क्लिक करा' असं कधीही लिहू नका. पानाचं पूर्ण नाव लिहा, लेखक किंवा संस्था लिहा, तुम्ही कधी बघितलं ती तारीख लिहा, नंबर असेल तर नंबर लिहा. लिंक गेली तरी ती ओळ उरते आणि त्या ओळीवरून शोधता येतं. कॅटलॉग कार्ड आपण याचसाठी करत होतो ना.

पण हे सगळं लायब्ररीच्या पातळीवरचं झालं, वरही काही व्हायला पाहिजे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी काही ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवावी लागते, मुंबईतही त्या प्रती येतात. १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रं आली. वेबपान त्यात नाही. ब्रिटननं २०१३ मध्ये नियम करून वेबसाईट्सच्या प्रती जपणं ग्रंथालयांच्या कक्षेत आणलं, ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय ग्रंथालय तर १९९६ पासून ते करतंय. आपण इंटरनेट अर्काइव्हच्या भरवशावर आहोत, जी अमेरिकेतली देणग्यांवर चालणारी संस्था आहे. तिचे उपकार किती आहेत हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको, डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची साईट बंद पडली तेव्हा त्यातली लाखो स्कॅन केलेली पुस्तकं तिथेच टिकून राहिली, त्यात मराठी जुनी पुस्तकं केवढी तरी. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच संस्थेवर सायबर हल्ला झाला आणि काही दिवस वेबॅक मशीन बंद होतं. त्या दिवसांत मला सारखं वाटत होतं की सरांच्या वीरगळांचं जे काही उरलंय ते एवढ्या एकाच ठिकाणी आहे. महाराष्ट्रातल्या लायब्रऱ्यांनी शिफारस केलेली मराठी पानं तरी जपणारी एखादी व्यवस्था राज्यानं उभी करावी, भाषा विभाग, ग्रंथालय संचालनालय, विद्यापीठं, कोणीही पुढाकार घ्या, सगळं वेब जपा असं कोणी म्हणत नाहीये, आपल्या भाषेतलं जे दुसरं कोणीच जपणार नाही तेवढं तरी.

आम्ही आमच्यापुरतं रजिस्टर सुरू केलंय. साधं, जाड पुठ्ठ्याचं, दाखल रजिस्टरसारखंच. दाखल नंबर, पानाचं नाव, कर्ता, पत्ता, कोणी सुचवलं, वेबॅकवर प्रत जतन केली ती तारीख, मग तपासणीचे रकाने आणि शेवटी शेरा. नवी लिंक घेताना पहिल्यांदा ती अर्काइव्हला जतन करायची, मगच यादीत. बंद पडलेली लिंक गुपचूप पुसायची नाही, लाल शाईत बाद लिहायचं, कारण लिहायचं, जुनी प्रत मिळत असेल तर तिचा पत्ता लिहायचा. पहिल्या मोजणीत जुन्या यादीतल्या इतक्या नोंदी लाल झाल्या की मामांनी दुसरं पेन आणून दिलं.

त्या मुलीनं पुढे काय केलं तेही सांगते. आम्ही सोडवलेल्या मजकुरातून तिनं गावांची नावं उतरवून घेतली आणि दिवाळीच्या सुट्टीत भावाच्या गाडीवर बसून त्यातल्या सात गावांना गेली. पाच ठिकाणी दगड सापडले, एका ठिकाणी देवळाचा जीर्णोद्धार झालेला आणि दगडाचं काय झालं ते कोणालाच सांगता येईना, एका ठिकाणी ऑइलपेंट फासलेला. सापडलेल्या पाचांचे तिनं फोटो काढले, टेप लावून उंची मोजली, साडेतीन फूटवाला बरोबर साडेतीन फूट भरला. ते फोटो आणि सरांचा सोडवलेला मजकूर, त्यांच्या घरच्यांना विचारून, त्यांच्या नावासकट आम्ही लायब्ररीच्या स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलाय, एक प्रत हार्ड डिस्कवर, एक छापून बाइंडिंग करून कपाटात.

यंदा मे मध्ये शेवटचं कपाट झालं, मामा स्टुलावरून उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "मॅडम, आता ते दुसरं रजिस्टर काढू ना?" मी कॉम्प्युटर सुरू केला, त्यांनी पहिला नंबर वाचला.